हेडफोनमध्ये आवाज कमी येतोय? माइकच्या गेनला हात लावू नका!

ज्यांना लोकलच्या गर्दीत कानात काही घालता येत नाही, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा भाग लिहून देतोय. बोलताना आलेले ‘अं’ आणि ‘म्हणजे’ काढलेत, बाकी गप्पा तशाच आहेत.

आजचा विषय आहे ऑडिओ इंटरफेसला हेडफोन ॲम्प जोडणं. पण सुरुवात माझ्या एका चुकीपासून करतो, कारण या विषयात मी पडलो तोच त्या चुकीमुळे.

गेल्या दिवाळीत आजोळी गेलो होतो. आजीला जात्यावरच्या ओव्या येतात. म्हटलं, रेकॉर्ड करून ठेवू. दोन माइक, एक छोटा इंटरफेस आणि लॅपटॉप घेऊन बसलो. हेडफोन मला हवा आणि मामेबहिणीलाही हवा, पण इंटरफेसला जॅक एकच. मग एकाचे दोन करणारी स्वस्तातली केबल लावली. आवाज एकदम मऊ झाला. हेडफोनचा नॉब शेवटपर्यंत फिरवला, तरी पंख्याच्या घरघरीत आजी नीट ऐकू येईना. मग मी काय केलं? माइकचा गेन वाढवला. लगेच कानात छान आवाज आला. आजी विचारतेय, “येतंय का रे ऐकू?” मी म्हणतोय, “मस्त येतंय गं आजी, तू म्हण.”

घरी येऊन फाइल उघडली. आजी बोलतेय तिथपर्यंत ठीक. जिथे तिनं गळा मोकळा सोडून ओवी म्हटली, जिथे ती हसली, तिथे सगळा आवाज फाटलेला. इंटरफेसवरचा लाल दिवा लागत होता, मी पाहिलाच नव्हता. चाळीस मिनिटांतला सगळ्यात चांगला भाग गेला. असा फाटलेला आवाज कुठल्याही सॉफ्टवेअरने पूर्ण परत येत नाही.

दोन नॉब, दोन वेगळी कामं

हे एकदा डोक्यात बसलं की बाकी सोपं आहे. माइकचा गेन ठरवतो की फाइलमध्ये आवाज किती मोठा उतरणार. हेडफोनचा नॉब ठरवतो की तुमच्या कानात किती येणार. गेन वाढवला की दोन्हीकडे वाढतं, म्हणून आपली फसगत होते. हेडफोनचा नॉब फिरवला तर फाइलला काहीही होत नाही.

आता गंमत बघा. नीट रेकॉर्डिंग करायचं तर वर जागा सोडावी लागते. बोलण्याची सरासरी पातळी उणे 18 डीबीच्या आसपास ठेवली, तर अचानक हसू आलं तरी आवाज शून्याला जाऊन आदळत नाही. पण तेवढेच 18 डीबी तुमच्या कानातूनही कमी होतात. म्हणजे रेकॉर्डिंग बरोबर असेल, तेव्हाच हेडफोन कमी वाटतो! त्यात आपण स्वतः बोलत असलो तर आपला आवाज हाडांमधूनही कानापर्यंत पोचतो आणि त्याच्यापुढे हेडफोन आणखी फिका पडतो. ही तूट ॲम्पने भरून काढायची असते, गेनने नाही.

पण ॲम्प खरंच लागतो का?

प्रत्येकाला लागत नाही. हेडफोनच्या खोक्यावर दोन आकडे असतात. एक ओहममध्ये, म्हणजे इम्पिडन्स. दुसरा संवेदनशीलता, म्हणजे एक मिलिवॉट दिला की किती डीबी आवाज येतो. बायरडायनॅमिकचा डीटी 770 प्रो हा एकच हेडफोन 32, 80 आणि 250 ओहममध्ये मिळतो. दिसायला सारखे, भूक वेगळी.

हिशोब सोपा आहे: व्होल्टचा वर्ग भागिले ओहम. इंटरफेसने 1 व्होल्ट दिला, तर 32 ओहमच्या हेडफोनला साधारण 31 मिलिवॉट मिळतात आणि 250 ओहमच्याला फक्त 4. समजा त्याची संवेदनशीलता 96 डीबी आहे. 4 मिलिवॉटला तो 102 डीबीपर्यंत जाईल. त्यातून रेकॉर्डिंगमध्ये सोडलेले 18 वजा केले की उरले 84. आणि इंटरफेस अर्धाच व्होल्ट देत असेल तर आणखी 6 गेले, उरले 78. शांत खोलीत हे पुरतं. पंखा, रस्ता आणि समोर बोलणारी दोन माणसं असतील तर कमी पडतं.

छोटे इंटरफेस कमी का देतात? कारण बरेचसे फक्त यूएसबीवर चालतात. यूएसबी 2.0 म्हणजे 5 व्होल्ट, 500 मिलिॲम्पिअर, एकूण अडीच वॉट. त्यातच माइकचा 48 व्होल्टचा पुरवठा, आतली सगळी सर्किटं आणि शेवटी तुमचा हेडफोन.

आणखी एक आकडा बघायचा: हेडफोन आउटपुटचा स्वतःचा इम्पिडन्स. तो हेडफोनच्या इम्पिडन्सच्या आठव्या भागापेक्षा जास्त नसावा, असा ढोबळ नियम आहे. 80 ओहमच्या हेडफोनला 10 ओहमपर्यंत चालेल. त्याहून जास्त असेल तर काही हेडफोनमध्ये खर्जाचा आवाज फुगतो आणि तुम्ही चुकीचं ऐकून चुकीचं एडिट करता.

तर माझं मत असं: एकटे असाल, हेडफोन 80 ओहमच्या आतला असेल आणि नॉब पाऊण फिरवून नीट ऐकू येत असेल, तर पैसे वाचवा. हेडफोन 250–300 ओहमचा असेल किंवा ऐकणारे दोनपेक्षा जास्त असतील, तर ॲम्प घ्या.

जोडायचं कसं?

पहिला रस्ता: इंटरफेसच्या हेडफोन जॅकमधून ॲम्पच्या इनपुटमध्ये. बेहरिंगरच्या एचए 400 सारख्या डबीत एक स्टिरिओ इनपुट, चार आउटपुट आणि प्रत्येकाला वेगळा नॉब असतो. वीज स्वतःच्या ॲडॅप्टरवरून येते. दोन्ही बाजूंना 6.35 मिमीचा जाडा स्टिरिओ जॅक असलेली साधी केबल लागते. पाहुण्यांसोबतच्या पॉडकास्टला हा रस्ता झकास.

दुसरा रस्ता: मागच्या लाइन आउटमधून. फोकसराइटच्या स्कारलेट टू-आय-टूला मागे डावं-उजवं असे दोन लाइन आउट आहेत, त्यांचा नॉबही वेगळा आहे. फायदा हा की पुढचा हेडफोन जॅक तुमच्यासाठी मोकळा राहतो.

इथे एक सापळा आहे. लाइन आउटचा आणि हेडफोनचा जॅक दिसायला अगदी सारखा, तीन पट्ट्यांचा. पण लाइन आउटमध्ये त्या दोन तारांवर एकच आवाज असतो, एक सुलट आणि एक उलट. याला बॅलन्स्ड म्हणतात. ती तार सरळ ॲम्पच्या स्टिरिओ इनपुटला लावली, तर ॲम्प सुलटला डावा समजतो आणि उलटला उजवा. कानात आवाज पोकळ, डोक्याच्या मागून आल्यासारखा वाटतो. असं झालं तर माइकला दोष देऊ नका, केबल बघा. अशा वेळी दोन मोनो जॅकचा एक स्टिरिओ जॅक करणारी वाय केबल लागते. मात्र बॅलन्स्ड आउटपुटला मोनो जॅक चालतो का, हे इंटरफेसच्या माहितीपुस्तिकेत बघून घ्या. ॲम्पला डावं-उजवं अशी दोन वेगळी बॅलन्स्ड इनपुट असतील, तर हा प्रश्नच येत नाही.

नॉब कोणत्या क्रमाने?

आधी ॲम्पचे सगळे नॉब शून्यावर. मग माइकचा गेन लावा. पाहुण्याला नेहमीसारखं बोलायला सांगा, मग मोठ्याने हसायला सांगा. लाल दिवा लागला नाही पाहिजे. आता तो नॉब विसरा. त्यानंतर इंटरफेसचं आउटपुट साधारण पाऊण फिरवा आणि शेवटी ॲम्पवर ज्याचा त्याचा आवाज हळूहळू वाढवा. सुरू करताना ॲम्प सगळ्यात शेवटी, बंद करताना सगळ्यात आधी. नाहीतर कानात ‘धप्प’ होतं.

फोनवाल्यांसाठी एक गोष्ट. ब्लूटूथ हेडफोनच्या आत स्वतःचा ॲम्प असतो, त्याला बाहेरचा लावून उपयोग नाही. शिवाय त्यात आवाज उशिरा पोचतो, म्हणून रेकॉर्डिंग करताना तारेचाच वापरा.

आणि कान?

ॲम्प आला की ताकद हातात येते, म्हणून हे सांगतोच. जागतिक आरोग्य संघटनेचा मोठ्यांसाठीचा सल्ला आठवड्याला 80 डीबी, 40 तास असा आहे. तीन डीबी वाढले की वेळ अर्धा करायचा. म्हणजे 83 ला 20 तास, 86 ला 10, 89 ला आठवड्यातून फक्त 5. शिवाय हेडफोन फार मोठा असेल तर त्याचा आवाज माइकमध्ये शिरतो आणि मागे भुतासारखा घुमतो. त्यामुळे बंद कपाचा हेडफोन घ्या आणि ऐकू येईल इतकाच आवाज ठेवा.

पाडव्याला मी पुन्हा आजोळी गेलो. या वेळी ॲम्प होता, तिघांना तीन हेडफोन, आणि गेनच्या नॉबवर मी चक्क चिकटपट्टी लावली होती. आजी म्हणाली, “तेच काय परत परत म्हणायचं?” तिनं दुसऱ्या ओव्या म्हटल्या. स्वच्छ रेकॉर्ड झाल्या. पण दिवाळीतली ती ओवी, तसं हसत म्हटलेली, पुन्हा आली नाही.

तुमच्या घरात असं कुणी असेल, तर या शनिवारी-रविवारी माइक लावा. फक्त आधी तो लाल दिवा बघा. चला, भेटू पुढच्या भागात!