पाठाकडून पुस्तकाकडे

मुलांनो, तुम्ही मराठी हा विषय कित्येक वर्षे शिकत आहात. दरवर्षी नवे पाठ्यपुस्तक हातात येते. त्यातील धडे आपण वाचतो, शब्दार्थ पाठ करतो, प्रश्नांची उत्तरे लिहितो. पण मराठीतील एखादे संपूर्ण पुस्तक, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, तुमच्यापैकी किती जणांनी वाचले आहे? हा प्रश्न मी नववीच्या वर्गात विचारला, तेव्हा एकही हात वर झाला नाही. खरे सांगायचे तर त्या वयात मला कोणी हाच प्रश्न विचारला असता, तर माझाही हात खालीच राहिला असता.

मी हा प्रश्न का विचारला, ते सांगतो. पावसाळ्यात आमच्या शाळेची सहल कपिलधारला गेली होती. कपिलधार हे बीड तालुक्यातील मांजरसुंब्याजवळचे ठिकाण. बालाघाटच्या डोंगररांगेतील दरीत तेथे धबधबा कोसळतो आणि जवळच मन्मथस्वामींची समाधी आहे. मन्मथस्वामी हे सोळाव्या शतकातील लिंगायत संतकवी. लिंगायत पंथाचे पुष्कळसे ग्रंथ कन्नड आणि संस्कृत भाषांत होते. मन्मथस्वामींनी मात्र ‘परमरहस्य’ हा ग्रंथ मराठीत लिहिला, कारण येथील लोकांची भाषा मराठी होती. कार्तिकी पौर्णिमेला येथे मोठी यात्रा भरते आणि दूरदूरहून दिंड्या येतात. आम्ही गेलो तेव्हा मात्र गर्दी नव्हती.

धबधब्यात भिजून झाल्यावर आम्ही पायऱ्यांवर डबे उघडून बसलो. थोड्या अंतरावर एक आजी पोथी वाचत होत्या. ओळीवर बोट ठेवून, मोठ्याने, अडखळत. अडखळल्या तरी त्या थांबत नव्हत्या. आमच्या वर्गातील एका मुलीने त्यांना विचारले, “आजी, यातले सगळे शब्द तुम्हांला कळतात?” आजी हसल्या आणि म्हणाल्या, “सगळे कुठले, बाळा? पुढं गेलं की मागचं कळतंय.”

परतताना गाडीत तीच मुलगी माझ्याजवळ येऊन बसली. तिने विचारले, “सर, मला शेवटपर्यंत वाचता येईल, अशी मराठीत एखादी नॉवेल आहे का?” मला चटकन उत्तर देता आले नाही. मोठ्यांच्या कादंबऱ्यांची नावे मला ठाऊक होती. परीक्षेसाठी ती पाठच केली होती. पण चौदा वर्षांच्या, घरी दक्खनी बोलणाऱ्या मुलीच्या हाती कोणते पुस्तक द्यावे, हे मला माहीत नव्हते. म्हणून दिवाळीच्या सुटीत मी वाचनालयातून किशोरांसाठीची पुस्तके आणली आणि एकामागून एक वाचून काढली. या वाचनात मला जे आढळले, ते तुम्हांला सांगावे म्हणून हा पाठ.

प्रथम ‘कादंबरी’ या शब्दाकडे पाहू. सातव्या शतकात बाणभट्ट नावाच्या संस्कृत लेखकाने एक दीर्घ कथा लिहिली. तिच्या नायिकेचे नाव कादंबरी. पुढे मराठीत प्रत्येक दीर्घ कथेलाच कादंबरी म्हणू लागले. उर्दूने इंग्रजीतला ‘नॉवेल’ हा शब्द घेतला, मराठीने एका मुलीचे नाव घेतले! गोष्ट एका बैठकीत संपते. कादंबरीत आपण काही दिवस राहतो. तिच्यातील घर, रस्ते, माणसे ओळखीची होतात. कुमारांच्या कादंबरीत नायक किंवा नायिका साधारणपणे तुमच्याच वयाची असते. कथानकात फार फाटे नसतात. मोठी माणसे असतात; पण घटनांकडे आपण मुलाच्या डोळ्यांनी पाहतो.

मुलांसाठी लिहिणे हे हलके काम आहे, असे काही जणांना वाटते. उर्दूचाच इतिहास पाहा. डेप्युटी नजीर अहमद यांची ‘मिरात-उल-उरूस’ ही उर्दूतील पहिली कादंबरी मानली जाते. ती त्यांनी आपल्या मुलींना वाचता यावी म्हणून थोडी थोडी करून लिहिली होती. 1869 साली ती छापली गेली आणि सरकारने तिला एक हजार रुपयांचे बक्षीस दिले. म्हणजे घरातील मुलींसाठी लिहिलेल्या पानांपासून उर्दू कादंबरी सुरू झाली.

आता अडचणीकडे वळू. मराठी पुस्तक हातात घेतले की पहिली भीती शब्दांची वाटते. मीही एक प्रयोग केला. एका पानावर जे शब्द उर्दूतही आहेत, त्यांच्याखाली पेन्सिलने रेघा मारल्या. जमीन, बाजार, कागद, शहर, तारीख, शिपाई, हुशार, फक्त... पानभर रेघाच रेघा झाल्या. हे शब्द फारसी-अरबीतून मराठीत आले आणि येथलेच होऊन गेले. ‘कुर्सी’ची ‘खुर्ची’ झाली; पण बसणाऱ्याला काय फरक पडतो?

काही शब्द मात्र फसवतात. ‘खाली’ म्हणजे उर्दूत रिकामे, मराठीत मात्र वरच्या उलट. ‘सही’ म्हणजे उर्दूत बरोबर, मराठीत स्वाक्षरी. ‘राग’ आपल्याकडे गाण्याचा असतो, मराठीत तो येतो तेव्हा समोरच्याने जपून राहावे. ‘दादा’ हे आपले आजोबा, मराठीत मोठा भाऊ. आणि ‘श्यामची आई’ हे नाव फळ्यावर लिहिले, तेव्हा मागच्या बाकावरून प्रश्न आला, “सर, श्यामची कोण आई?”

त्याच पुस्तकापासून सुरुवात करतो. ‘श्यामची आई’ हे पुस्तक साने गुरुजींनी 1933 साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले. काटेकोरपणे पाहिले तर ती कादंबरी नव्हे. श्याम नावाचा माणूस आपल्या आईच्या आठवणी मित्रांना रोज रात्री सांगतो. अशा बेचाळीस रात्री आहेत. भाषा सोपी, वाक्ये छोटी. कोकणातील घर, पूजाअर्चा आणि सोवळेओवळे यांचे काही शब्द तुम्हांला अनोळखी वाटतील; पण पाण्याला घाबरून लपून बसलेल्या मुलाला आई पोहायला पाठवते, तो प्रसंग समजण्यास शब्दकोश लागत नाही. माझे एक मत येथे सांगतो. या पुस्तकात अश्रू फार आहेत. सलग वाचले तर मन थकते. एका दिवशी एक-दोन रात्री, एवढेच वाचावे. आचार्य अत्रे यांनी 1953 साली या पुस्तकावर चित्रपट काढला आणि त्याला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले.

ज्यांना रडू नको, धावपळ हवी, त्यांच्यासाठी ‘फास्टर फेणे’ आहे. लेखक भा. रा. भागवत. त्यांनी 1951 साली ‘बालमित्र’ हे मासिक सुरू केले आणि ज्यूल व्हर्नच्या कादंबऱ्याही मराठी मुलांपर्यंत आणल्या. त्यांचा बनेश फेणे हा फुरसुंगीचा किडकिडीत मुलगा. पुण्याच्या विद्याभवन शाळेत शिकतो, सायकल दामटतो आणि कुठे काही काळेबेरे दिसले की नाक खुपसतो. आश्चर्य वाटले की तोंडाने ‘टॉक्’ असा आवाज काढतो. त्याची वीस पुस्तके आहेत. 1987 साली दूरदर्शनवर त्याची मालिका आली आणि 2017 साली चित्रपट. या पुस्तकांत संवाद भरपूर आहेत, म्हणून ती भरभर वाचून होतात. पुण्याच्या मुलांची बोली मात्र सुरुवातीला जड जाते. पहिली दहा पाने वाचताना मीही दोनदा मागे गेलो. नंतर चोराच्या मागे धावताना शब्दांकडे लक्षच राहिले नाही. आमच्या वर्गातील मुलांनी पहिल्यांदा पूर्ण वाचलेले मराठी पुस्तक बहुतेक याच मालिकेतील आहे.

‘तोत्तोचान’ ही मूळची जपानी. तेत्सुको कुरोयानागी या लेखिकेने आपल्या बालपणीच्या शाळेच्या आठवणी त्यात सांगितल्या आहेत. चेतना सरदेशमुख गोसावी यांनी तिचा मराठी अनुवाद केला आहे. पहिल्या शाळेतून काढून टाकलेली ही मुलगी अशा एका शाळेत जाते, जिचे वर्ग आगगाडीच्या जुन्या डब्यांत भरतात. तेथील मुख्याध्यापक पहिल्या दिवशी तिचे बोलणे तासन् तास ऐकत राहतात. हे पुस्तक तुमच्यापेक्षा आम्हां शिक्षकांनी आधी वाचावे, असे मला वाटले. मी वर्गात मुलांचे बोलणे सलग किती मिनिटे ऐकतो, याचा हिशेब करून पाहिला आणि तो कोणाला सांगितला नाही.

आता ज्या पुस्तकाने मला दोन रात्री जागवले, त्याकडे येतो. मार्जरी किनन रॉलिंग्ज या अमेरिकन लेखिकेची ही कादंबरी 1938 साली निघाली आणि पुढच्या वर्षी तिला पुलित्झर पारितोषिक मिळाले. राम पटवर्धन यांनी ती ‘पाडस’ या नावाने मराठीत आणली. ज्योडी हा मुलगा फ्लोरिडाच्या जंगलात आईवडिलांबरोबर राहतो. आसपास शेजार नाही. मका पिकला तर खायला मिळणार, नाही तर उपास. एके दिवशी वडिलांना विषारी साप चावतो. जीव वाचवण्यासाठी ते एका हरिणीला गोळी घालतात आणि तिचे काळीज जखमेवर ठेवून विष ओढून घेतात. वडील वाचतात, पण हरिणीचे पाडस पोरके होते. ज्योडी त्याला घरी आणतो, आपल्या वाटणीचे दूध पाजतो. पाडस वाढते आणि एके दिवशी शेतातील कोवळ्या मक्याला तोंड लावते. ज्योडी एकट्याने कुंपण उंच करतो. पाडस कुंपणावरून उडी मारते. आई संतापते. या आईला कठोर म्हणण्यापूर्वी एक लक्षात ठेवा : तिची कितीतरी मुले लहानपणीच गेलेली आहेत आणि कणगीत किती दाणे उरले, हे घरात तिलाच ठाऊक आहे. पुढे काय होते, ते मी सांगणार नाही.

‘अब्बू खाँ की बकरी’ तुम्ही वाचली असेल. डॉ. झाकीर हुसेन यांनी आपल्या मुलीच्या नावाने छापलेली ही गोष्ट. चांदनी ही बकरी दावे तोडून डोंगरावर जाते आणि रात्रभर लांडग्याशी झुंजते. ‘पाडस’ वाचताना मला ती सारखी आठवत होती. चांदनीच्या गोष्टीत आपण बकरीच्या बाजूने उभे राहतो, ते सोपे आहे. ‘पाडस’मध्ये कोणाच्या बाजूने उभे राहावे, हेच ठरत नाही. पुस्तक जाडजूड आहे. आठवीपर्यंत त्याच्या वाटेला जाऊ नका. नववीत जरूर जा.

एक उणीवही सांगायला हवी. मी वाचलेल्या या पुस्तकांत जपानची मुलगी भेटली, अमेरिकेतला मुलगा भेटला, पुण्याचा आणि कोकणातला भेटला. पण ज्याच्या घरी सहरीला उठतात, जो शाळेत उर्दू आणि बाजारात मराठी बोलतो, असा नायक काही भेटला नाही. ‘आम्ही यात कुठे आहोत?’ असे वर्गातील एका मुलाने विचारले. प्रश्न रास्त आहे. मी त्याला एक कोरी वही दिली आणि त्याच्या मोहल्ल्यातील एका दिवसाविषयी मराठीत लिहायला सांगितले. त्याची सात पाने झाली आहेत. त्यांत चुका आहेत, पण बकरी बाजारातून पळून गेल्याचा प्रसंग झकास उतरला आहे.

वाचायचे कसे, याबद्दल कपिलधारच्या आजींनी सांगितले त्याहून जास्त मी काय सांगणार? एवढेच करा. पानावर सात-आठ शब्द अडले तरी पुढे जा. तोच शब्द तिसऱ्यांदा आडवा आला, तरच वहीत लिहा आणि शोधा. पहिली वीस पाने नेटाने वाचा. त्यानंतरही मन लागले नाही, तर ते पुस्तक खुशाल परत करून दुसरे घ्या. पुस्तक अर्धे सोडणे हा गुन्हा नाही. आणि पुस्तके मिळत नसतील, तर ‘बालभारती’चे ‘किशोर’ मासिक 1971 पासून निघत आहे. त्याचे जुने अंक संगणकावर विनामूल्य वाचता येतात.

गाडीत प्रश्न विचारणाऱ्या त्या मुलीला मी ‘पाडस’ दिले. तिने महिनाभर ते ठेवले. परत करताना तिने सांगितले की रोज संध्याकाळी ती आपल्या दादांना, म्हणजे आजोबांना, वाचलेला भाग दक्खनीत सांगत असे. ते शेतकरी आहेत. 1972 च्या दुष्काळात वैरणीअभावी त्यांच्या घरची बैलजोडी विकावी लागली होती. पाडसाने मका खाल्ला, येथपर्यंत गोष्ट आली, तेव्हा आजोबा म्हणाले, “मां सच्ची बोल रई. खेत गया तो घर गया.” नातीला हे पटले नाही. तिने विचारले, “बैल विकले, तेव्हा तुम्ही रडला होतात का?”

आजोबांनी बराच वेळ उत्तर दिले नाही. मग त्यांनी तिला सांगितले, आता दक्खनीत सांगू नकोस, पुस्तकात आहे तसेच मराठीत वाच, मला समजते. आणि चष्मा पुसत म्हणाले, “आगे पढ.”