माझ्या वाटणीची खते

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. तपासणी केंद्रावर उत्तरपत्रिका तपासत बसलो होतो. प्रश्न तुकोबांवरचा. एका मुलाने लिहिले होते, 'वडिलोपार्जित सावकारीची कर्जखते तुकोबांनी चंद्रभागेत बुडवली.' मी हसून लाल रेघ ओढली. देहू कुठे, पंढरपूर कुठे! खते बुडाली ती इंद्रायणीत, हे शाळकरी पोरही सांगेल. पुढच्या उत्तरपत्रिकेत पुन्हा चंद्रभागा. तिच्या पुढच्या उत्तरपत्रिकेतही. मागचीपुढची वाक्येही तीच. सातव्या उत्तरपत्रिकेला माझे हसू मावळले. ती वाक्ये माझी होती, आणि ती चंद्रभागाही माझीच!

वाचकहो, कबुली देतो. 'एक अनुभवी प्राध्यापक' या पडद्याआडून मी गाइडे लिहितो. दिवसा वर्गात बजावतो, "मूळ पुस्तक वाचा, गाइडाला हात लावू नका". आणि रात्री जेवणे झाल्यावर त्याच गाइडाची पाने भरतो. ते पानही असेच झोपेच्या गुंगीत खरडलेले.

त्या मुलांचे गुण मी कापले नाहीत. चूक माझी, शिक्षा त्यांना कशी देऊ? पण उत्तर विकणारा मीच आणि त्याला गुण देणाराही मीच, हा विचार काही केल्या झोपू देईना.

मनातला वकील म्हणाला, "चोरी तर करत नाहीस? तू नाही लिहिलेस तर दुसरा लिहील." मग टिळक आठवले. 1890 साली त्यांनी डेक्कन एज्युकेशन सोसायटी सोडली. आजीव सदस्यांनी बाहेर कमाई करावी की नाही, हा त्या वादातला कळीचा मुद्दा होता. आगरकरांनी तर विद्यार्थिदशेतच आईला कळवले होते, की मोठ्या पगाराची आशा धरू नकोस. हे मी दरवर्षी वर्गात रंगवून सांगतो. मुले माना डोलावतात. मीही!

शेवटी हिला सांगितले. ही भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "अहो, लेकीच्या वसतिगृहाचे पैसे त्या गाइडांतून जातात, ठाऊक आहे ना?" थोड्या वेळाने तिनेच विचारले, "तुकोबांनी सगळीच खते बुडवली का हो?"

"नाही. अर्धी धाकट्या भावाला दिली, असे परंपरा सांगते. बुडवली ती फक्त आपल्या वाटणीची."

"मग तुम्हीही तेच करा. लेकीच्या वाटणीला हात लावू नका."

यंदा मी परीक्षकपद नाकारले. नव्या आवृत्तीत नदी दुरुस्त केली. लेकीचे शिक्षण एप्रिलात पुरे होते. त्यापुढे गाइड लिहिणार नाही, असे प्रकाशकाला कळवून टाकले आहे. त्याने दुसरा 'अनुभवी प्राध्यापक' शोधलाही असेल.

माझी इंद्रायणी मात्र अजून सहा महिने दूर आहे. तोवर वर्गात तुकोबांचे नाव घेताना आवाज जरा खाली येतो, इतकेच.