कल्याणचा खजिना आणि वीराची कसोटी

ऐतिहासिक चित्रपटांतील साहसे आबालवृद्धांस मोहिनी घालतात. परंतु त्यांत वीर कोणास म्हटले आहे व त्यांत इतिहास किती आहे, हे दोन प्रश्न विचारी प्रेक्षकाने स्वतःस अवश्य विचारावेत.

व्हायकिंग हे उत्तर युरोपातील दर्यावर्दी लढवय्ये. इ. स. ७९३ मध्ये त्यांनी इंग्लंडजवळील लिंडिसफार्न बेटावरचा ख्रिस्ती मठ लुटला. त्यांच्यावरील ‘द व्हायकिंग्ज’ हा इंग्रजी चित्रपट १९५८ साली निघाला. त्यात आयनार व एरिक हे दोन योद्धे एका बंदिवान राजकन्येसाठी झुंजतात. ते सावत्र भाऊ असल्याचे कळताच आयनारचा हात थबकतो; त्याच क्षणी एरिक त्यास ठार करितो. बाहुबल अपार, परंतु बंदिवान स्त्री ही दोघांच्या स्पर्धेचा विषयच राहते.

आता आपल्या कल्याणकडे वळू. १६५७ साली कल्याण व भिवंडी ही ठाणी शिवाजी महाराजांनी घेतली आणि लवकरच येथील खाडीत मराठ्यांची लढाऊ जहाजे बांधली जाऊ लागली. कल्याणची लूट व तेथील सुभेदाराची सून यांच्या प्रसिद्ध कथेवर कोल्हापूरच्या बाबूराव पेंटर यांनी १९२४ साली ‘कल्याण खजिना’ हा मूकपट काढिला. सरदार त्या स्त्रीस महाराजांपुढे उभी करितात. महाराज तिला सन्मानाने स्वगृही पाठवितात. येथे वीराची कसोटी तलवारीने नव्हे, तर संयमाने होते.

ही कथा सर्वस्वी खरी काय? समकालीन कागदपत्रांत या प्रसंगाचा भक्कम पुरावा नाही. तथापि मोगलांचा इतिहासकार खाफीखान, जो महाराजांचा मित्र खचितच नव्हता, तोही लिहून ठेवितो की, स्त्रियांची विटंबना होऊ नये असा महाराजांचा सक्त नियम होता. मित्राच्या स्तुतीपेक्षा प्रतिपक्षाची अशी साक्ष अधिक वजनदार होय. म्हणजे प्रसंग कदाचित लोकांनी रचिला असेल; परंतु ज्या शीलावर तो रचिला, ते शील खरे होते.

नीतिसूत्रांच्या कर्त्यानेही नगर जिंकणाऱ्याहून मन जिंकणारा श्रेष्ठ मानिला आहे. शत्रूची स्त्री वा दुबळा मनुष्य हाती सापडला असता जो आपले बळ आवरितो, तोच खरा वीर. विद्यार्थिमित्रहो, चित्रपट आनंदाने पाहा. मात्र घरी परतल्यावर इतिहासाचे पुस्तकही उघडा. आणि पालकहो, त्या वेळी मुलांशेजारी आपणही बसावे.