महिन्याभरात कादंबरी लिहायचीय? मग आधीचा महिना हातात ठेवा

रेणापूरहून मी पुन्हा तुमच्यासोबत. ज्यांना ऐकायला वेळ मिळत नाही किंवा दिवसाचा डेटा दुपारीच संपतो, त्यांच्यासाठी हा आजच्या एपिसोडचा लिखित मजकूर. बोलताना झालेली पुनरुक्ती काढलीय, बाकी बोलले तसंच ठेवलंय.

तुमच्यातल्या बऱ्याच जणांचा प्रश्न एकच आहे. "ताई, एका महिन्यात कादंबरी लिहून होते का?" होते. कच्ची होते, पण पूर्ण होते. फक्त तिचं निम्मं काम आदल्या महिन्यात करून ठेवावं लागतं. शेतातल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. पेरणी दोन दिवसांत उरकते, पण त्याआधी नांगरट, मोगडा, पाळी सगळं झालेलं असतं आणि वापसा आल्याशिवाय कुणी तिफण धरत नाही. आजचा एपिसोड या आधीच्या मशागतीबद्दल आहे.

हे चॅलेंज आलं कुठून?

जुलै १९९९ मध्ये अमेरिकेत, सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात, ख्रिस बॅटी नावाच्या तरुणानं मित्र गोळा केले. एकूण २१ जण. ठरलं असं, की प्रत्येकानं एका महिन्यात एक कादंबरी लिहायची. पुढच्या वर्षापासून नोव्हेंबर महिना ठरला. या उपक्रमाचं नाव नॅशनल नॉव्हेल रायटिंग मंथ, थोडक्यात नॅनोरायमो. नियम सरळ होता : ३० दिवस, ५०,००० शब्द. म्हणजे रोजचे साधारण १,६६७. पुढे जगभरातून लाखो लोक यात उतरले.

ती संस्था आता राहिली नाही. २०२४ मध्ये एआय वापरण्याबद्दल तिनं घेतलेल्या भूमिकेवरून मोठा वाद झाला, काही लेखक तिच्यापासून दूर झाले, आणि मार्च २०२५ च्या शेवटी संस्थेनं काम थांबवत असल्याचं जाहीर केलं. पण तीस दिवसांचा नियम कुणाच्या मालकीचा थोडाच आहे? तो रेणापुरात बसूनही पाळता येतो. उलट आता महिना आणि शब्दांचा आकडा दोन्ही आपणच ठरवू शकतो.

आपल्याकडे असं कुणी लिहिलंय का?

लिहिलंय की! भालचंद्र नेमाड्यांची 'कोसला'. १९६३ साली, पंचविशीतल्या नेमाड्यांनी ही कादंबरी खानदेशातल्या आपल्या सांगवी गावी बसून पंधरा-सोळा दिवसांत लिहून काढली. महिनासुद्धा लागला नाही. खेड्यातून पुण्याला शिकायला गेलेल्या पांडुरंग सांगवीकरची ही गोष्ट आज साठ वर्षांनंतरही हॉस्टेलच्या खोल्यांमधून फिरतेच आहे. नेमाड्यांना पुढे २०१४ चा ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला.

हे ऐकून लोक म्हणतात, "बघा, प्रतिभा!" मला मात्र त्यात दुसरी गोष्ट दिसते. नेमाडे स्वतः खेड्यातून पुण्याला जाऊन फर्ग्युसनला शिकले होते. कागदावर उतरायला पंधरा दिवस लागले, पण गोळा व्हायला कितीतरी वर्षं गेली होती.

दुसरं उदाहरण त्याहून जुनं आहे. हरि नारायण आपट्यांनी १८९० मध्ये 'करमणूक' हे साप्ताहिक सुरू केलं आणि 'पण लक्षात कोण घेतो' ही कादंबरी त्यात क्रमशः छापली. दर आठवड्याला अंक निघणार म्हणजे मजकूर लागणारच, मूड असो वा नसो. तारीख पुढं उभी असली की लिहून होतं, हे मराठीला सव्वाशेहून जास्त वर्षांपासून माहीत आहे.

महिना कोणता धरायचा?

अमेरिकेतला नोव्हेंबर आपल्याकडं जसाच्या तसा बसत नाही. आपल्याकडं त्या सुमाराला दिवाळी असते किंवा नुकतीच झालेली असते. सोयाबीनची रास झालेली असते, विक्रीची गडबड असते, हरभरा-ज्वारीच्या पेरणीची कामं असतात. विद्यापीठाच्या हिवाळी परीक्षा डोक्यावर असतात आणि तुळशीचं लग्न लागलं की माणसांच्या लग्नांचा सीझन सुरू होतो.

म्हणून कॅलेंडर समोर घ्या आणि स्वतःचा मोकळा महिना शोधा. बारावीवाल्यांनी आणि नीटवाल्यांनी मे उलटेपर्यंत हात लावू नये. शेतात हातभार लावणाऱ्यांनी जूनची पेरणी आणि ऑक्टोबरची सुगी टाळावी. मोटारीला आठवडाभर दिवसा लाईट आणि आठवडाभर रात्री अशी पाळी असेल, तर रात्रीच्या आठवड्यात लिखाण सकाळी होणार नाही, हे आधीच धरून चला. पूर्ण मोकळा महिना कुणालाच मिळत नाही. कमी अडचणीचा मिळाला तरी पुष्कळ.

५०,००० शब्द कशाला?

हा आकडा इंग्रजीचा आहे, हे लक्षात घ्या. 'माझ्या घरासमोर' हे आपले दोन शब्द. तेच इंग्रजीत सांगायला पाच शब्द लागतात. आपले प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं शब्दाला चिकटून येतात, त्यामुळं तेवढाच मजकूर मराठीत कमी शब्दांत बसतो. मराठीतले ५०,००० शब्द म्हणजे इंग्रजीतल्या ५०,००० पेक्षा बरंच जाड पुस्तक!

माझा हिशेब असा आहे : ३६,००० शब्द. तीस दिवसांतले सहा दिवस आधीच सोडून द्यायचे. पाहुणे येतील, ताप येईल, गावाला जावं लागेल. राहिले २४ दिवस. रोजचे १,५०० शब्द. २४ गुणिले १,५०० म्हणजे ३६,०००.

आता आजच एक मोजमाप करा. फोनवर वीस मिनिटांचा टायमर लावा आणि न थांबता लिहा. समजा २५० शब्द झाले, तर तासाला ७५० होतील आणि रोजच्या १,५०० ला दोन तास लागतील. तुमच्याकडं एकच तास असेल तर आकडा निम्मा करा. १८,००० शब्दांची लघुकादंबरी पूर्ण करणं हे ३६,००० च्या कादंबरीत अर्ध्यावर बसकण मारण्यापेक्षा कधीही चांगलं.

कागदावर आधी काय हवं?

पाच गोष्टी. प्रत्येकीला दोन-तीन ओळी पुरतात.

१. माणूस कोण आणि त्याला काय हवंय?
२. आडवं काय येतं?
३. हे सगळं कुठं घडतं, कोणत्या साली?
४. शेवट काय असावा? नंतर बदलला तरी चालेल.
५. चोवीस प्रसंगांची यादी. चोवीस दिवस, रोज एक प्रसंग.

एक उदाहरण करून बघू. रेणापूर तालुक्यातली एक मुलगी लातूरच्या ट्यूशन एरियात नीटची तयारी करतेय, रिपीटर म्हणून. तिला आता डॉक्टर व्हायचं नाही, पण घरी सांगायचं धाडस नाही. आडवं काय येतं? बापानं तिच्या फीसाठी सोयाबीन पडत्या भावात विकलंय आणि धाकट्या भावाचं शिक्षण थांबवलंय. कुठं, कधी? लातूर आणि गाव, २०२४ ची दिवाळी ते पुढचा मे. शेवट? ती परीक्षेच्या आदल्या रात्री बापाला फोन लावते.

आता प्रसंग आपोआप सुचायला लागतात. खोलीवर डबा येतो तो प्रसंग. टेस्टचा निकाल व्हॉट्सॲपवर बापाकडं जातो तो. भाऊ भेटायला येतो आणि तिच्या पुस्तकांकडं बघत बसतो तो. अशी चोवीस नावं झाली की सकाळी उठून "आज काय लिहू?" हा प्रश्नच राहत नाही.

माहितीसुद्धा आधीच गोळा करून ठेवा. २०२४-२५ मध्ये सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि बाजारात त्याहून कमी भावानं माल जात होता, हे तुमच्या वहीत आधीच पाहिजे. नाहीतर लिहिता लिहिता भाव शोधायला गुगलवर जाल आणि तासाभरानं रील बघताना सापडाल. लिहिताना एखादी माहिती अडलीच तर तिथं फुली मारा आणि पुढं चला.

"आमच्या गावात लिहिण्यासारखं काय घडतं?" असं म्हणणाऱ्यांना दोन तारखा आठवून देते. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं : किल्लारीचा भूकंप. त्या रात्रीबद्दल बोलणारी माणसं तुमच्या घरात अजून आहेत. आणि १२ एप्रिल २०१६ : मिरजेहून पाणी घेऊन पहिली रेल्वे लातूरला पोचली. दहा वाघिणी, पाच लाख लिटर. तुमच्यातले कितीतरी जण तेव्हा शाळेत होते, घागरी घेऊन रांगेत उभे होते. त्या उन्हाळ्यात बारा वर्षांच्या मुलाला काय वाटत होतं, हे बातम्यांत कुठंच नाही. ते तुमच्याकडंच आहे. आजी-आजोबांशी बोलायचं असेल तर आदल्या महिन्यातच बोला, फोनवर रेकॉर्ड करा. भूकंप प्रत्यक्ष आठवणारी माणसं वर्षागणिक कमी होतायत.

भाषा कोणती?

हा निर्णय पहिल्या दिवसाच्या आधी घ्या. निवेदन प्रमाण मराठीत आणि बोलणं बोलीत? की सगळंच बोलीत? दोन्ही चालतं. मात्र पात्र लातूरचं असेल आणि "तू काय करत आहेस?" असं बोलायला लागलं, तर वाचणारा लगेच ओळखतो की हे खोटंय. आपल्याकडं माणूस विचारतो, "काय करायलालास?" एक दिवस नुसतं ऐकायला काढा. एसटी स्टँड, चहाचं हॉटेल, रेणुकादेवीच्या मंदिराची पायरी, कुठंही बसा. ऐकलेली दहा वाक्यं तशीच्या तशी उतरवून घ्या. कुणाचं नाव लिहू नका, फक्त बोलण्याची ढब घ्या.

फोनवर लिहिणाऱ्यांसाठी

लॅपटॉप नाही म्हणून थांबू नका. गुगल डॉक्स फोनवर चालतं आणि शब्दही मोजून देतं. मराठी कीबोर्डवर हात बसला नसेल तर माइकचं बटण दाबून बोला. नावं आणि बोलीतले शब्द त्यात चुकतात, विरामचिन्हं बहुतेक वेळा नंतर घालावी लागतात, पण तेवढी दुरुस्ती महिना संपल्यावर करता येते. प्रत्येक दिवसाची वेगळी फाइल करा, नावात तारीख टाका. लिहिताना डेटा बंद, नेट आल्यावर फाइल ड्राइव्हवर गेली का ते बघा. आणि रोज रात्री ती स्वतःलाच ईमेल करा. फोन हरवला तरी कादंबरी हरवायला नको.

आणि हो, "एआयला सांगितलं तर दहा मिनिटांत होईल की!" असंही विचारणारे आहेत. होईल. फक्त ती रांगेतली घागर त्यात नसेल. शब्दांचा आकडा हे निमित्त आहे. महिनाभर रोज बसून आपल्याला काय म्हणायचंय ते शोधायचं असतं, आणि ते दुसऱ्याकडून करून घेता येत नाही.

घरच्यांना काय सांगायचं?

वेळ सांगा, विषय सांगू नका. "रात्री नऊ ते साडेदहा मला हाक मारू नका, महिनाभरच," एवढं पुरतं. पोरींना हे मागणं अवघड जातं, मला ठाऊक आहे. घरातलं काम संपतच नसतं. म्हणून सोपा सौदा करा : सकाळचं एक काम जादा अंगावर घ्या आणि रात्रीचा दीड तास मागून घ्या. घर लहान असेल तर गावातलं वाचनालय बघा.

दोन-तीन मित्र-मैत्रिणींचा ग्रुप करा. त्यावर रोज फक्त आकडा टाकायचा : "आज १,१००." मजकूर टाकायचा नाही. कच्चं लिखाण दाखवलं की कुणीतरी हसतं किंवा वा-वा करतं, आणि दोन्हीनं दुसऱ्या दिवशीचं लिखाण बिघडतं.

तिसाव्या दिवशी हातात काय असेल?

एक कच्चा खर्डा. छापायला द्यायचं पुस्तक अजून लांब आहे. सारा ग्रुएन यांची 'वॉटर फॉर एलिफंट्स' आणि एरिन मॉर्गनस्टर्न यांची 'द नाइट सर्कस' या दोन्ही गाजलेल्या कादंबऱ्यांचे पहिले खर्डे नॅनोरायमोमध्येच लिहिले गेले होते, पण पुस्तक व्हायच्या आधी त्यांच्यावर बराच हात फिरला. तुम्हीही खर्डा झाला की पंधरा दिवस तो उघडू नका. मग वाचा. निम्मं खोडावं लागेल. उरलेलं निम्मं तुमचं स्वतःचं असेल, आणि दुरुस्त करायला काहीतरी हातात असेल. कोऱ्या कागदावर दुरुस्ती करता येत नाही.

तर या आठवड्याचा गृहपाठ : महिना ठरवा, वीस मिनिटांचं मोजमाप करा आणि चोवीसपैकी निदान दहा प्रसंगांची नावं लिहा. प्रसंग मला पाठवू नका, तुमचा आकडा तेवढा कळवा. कुणाचे सगळ्यात कमी आले तरी लाजायचं कारण नाही, आपल्याला शर्यत लावायची नाही.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तोवर वही जवळ ठेवा.