एका दिवसात दोन शाळा

ज्यू धार्मिक माध्यमिक शाळांत सकाळी तालमूद आणि दुपारी गणित-विज्ञान शिकवले जाते. श्रद्धा वेळापत्रकात बसवता येते का, आणि धर्मशिक्षणापुढे आधुनिक शिक्षणाला किती जागा द्यावी, या दोन प्रश्नांवर दोनशे वर्षे वाद चालू आहे. या शाळांच्या अंतरंगाचा हा परिचय.

इस्रायलमधील एखाद्या धार्मिक माध्यमिक शाळेचा दिवस घंटेने सुरू होत नाही, तो प्रार्थनेने सुरू होतो. सकाळी सातच्या सुमारास चौदा ते अठरा वर्षांची मुले शाळेच्या प्रार्थनागृहात जमतात. डोक्यावर किप्पा ही लहान गोल टोपी आणि सदऱ्याखालून डोकावणारे त्सित्सितचे धागे असतात. डाव्या दंडावर आणि कपाळावर ‘तेफिलिन’ म्हणजे धर्मवचने लिहिलेल्या चर्मपत्राच्या डब्या चामडी पट्ट्यांनी बांधलेल्या असतात. तेराव्या वर्षी ‘बार मित्स्वा’ झाला की मुलगा धर्मनियमांना स्वतः बांधील होतो. त्यामुळे माध्यमिक शाळेतील प्रत्येक मुलगा धर्माच्या दृष्टीने प्रौढच असतो. न्याहारीनंतर दुपारपर्यंत तालमूद, बायबल आणि धर्मनियमांचा अभ्यास, जेवणानंतर गणित, इंग्रजी, विज्ञान, इतिहास आणि रात्री पुन्हा तालमूद, असा सर्वसाधारण क्रम असतो. मधल्या वेळात दुपारची व रात्रीची प्रार्थनाही होते. अशा शाळेला ‘येशिवा तिखोनित’ म्हणजे माध्यमिक येशिवा म्हणतात. ‘येशिवा’ या हिब्रू शब्दाचा मूळ अर्थ ‘बैठक’ असा आहे.

वादाचे मूळ

धर्मविद्या आणि ऐहिक विद्या एकाच छपराखाली नांदाव्यात, हा विचार ज्यू समाजाने सहजासहजी स्वीकारलेला नाही. आजच्या बेलारूसमधील वोलोझिन येथे १८०३ मध्ये स्थापन झालेली येशिवा ही पूर्व युरोपातील आधुनिक येशिवांची जननी मानली जाते. रशियन सरकारने तेथे ऐहिक विषय सक्तीचे करण्याचा आग्रह धरला आणि त्या संघर्षात १८९२ मध्ये ती बंद पडली. परकी सत्ता शिक्षणाच्या निमित्ताने धर्मात हस्तक्षेप करते, ही भावना तेव्हापासून परंपरावाद्यांच्या मनात घर करून राहिली.

दुसरा प्रवाहही त्याच शतकातला आहे. जर्मनीतील फ्रँकफर्ट येथे रब्बी सॅमसन राफाएल हिर्श यांनी १८५३ मध्ये धर्मग्रंथ आणि आधुनिक विषय एकत्र शिकवणारी शाळा काढली. लिडा येथे रब्बी यित्झाक रेनेस यांनी १९०५ मध्ये येशिवेच्या अभ्यासक्रमातच ऐहिक विषय घेतले. न्यूयॉर्कमध्ये १९१६ मध्ये ‘तालमुदिकल अकॅडमी’ सुरू झाली आणि सकाळी धर्म, दुपारी ऐहिक विषय हा साचा अमेरिकेत रुजला. इस्रायलच्या स्थापनेपूर्वी, १९४० च्या सुमारास, कफार हारोए या गावी रब्बी मोशे त्स्वी नेरिया यांनी ‘बने अकिवा’ या धार्मिक युवक चळवळीची येशिवा उभारली. आजच्या बहुतेक इस्रायली माध्यमिक येशिवा याच परंपरेतील आहेत. १९५३ च्या शिक्षण कायद्याने इस्रायलमध्ये सरकारी शाळांबरोबर ‘सरकारी-धार्मिक’ शाळांचा प्रवाहही मान्य केला.

हरवलेल्या वस्तूचा धडा

या शाळांत नेमके काय शिकतात, हे समजून घेण्यासाठी तालमूदच्या तासाला डोकावले पाहिजे. तालमूद म्हणजे इ.स. २०० च्या सुमारास संकलित झालेली ‘मिश्ना’ ही नियमसंहिता आणि तिच्यावर पुढील काही शतकांत झालेली ‘गेमारा’ ही चर्चा. छापील पानाच्या मध्यभागी मूळ मजकूर आणि दोन्ही बाजूंना भाष्ये असतात. आतल्या बाजूला अकराव्या शतकातील फ्रेंच भाष्यकार राशी आणि बाहेरच्या बाजूला त्यांच्यानंतरच्या पंडितांच्या टीपा. गेमाराची भाषा प्रामुख्याने अरामी आहे. तिला विरामचिन्हे नाहीत आणि स्वरचिन्हेही नाहीत. त्यामुळे कोठे प्रश्न संपतो आणि कोठे उत्तर सुरू होते, हे वाचणाऱ्यानेच ठरवायचे असते.

नवख्या विद्यार्थ्यांना बहुधा हरवलेल्या वस्तूंचे प्रकरण प्रथम शिकवतात. रस्त्यात विखुरलेली नाणी सापडली तर ती सापडणाऱ्याची. पण भांड्यात ठेवलेली फळे सापडली तर दवंडी पिटून मालकाचा शोध घ्यायचा. असा भेद का? सुट्या नाण्यांवर ओळखीची खूण नसते, त्यामुळे मालकाने त्यांची आशा सोडलेली असते. भांड्याची खूण मात्र सांगता येते. येथपर्यंत सोपे आहे. यानंतर खरा प्रश्न येतो. वस्तू हरवल्याचे मालकाला अद्याप कळलेच नसेल तर? कळले असते तर त्याने आशा सोडली असती, हे खरे. पण न कळता सोडलेली आशा ग्राह्य धरायची का? अबाये आणि रावा या दोन पंडितांमधील हा वाद पुढे अनेक पाने चालतो. कायदा अखेर अबायेच्या बाजूने लागतो, म्हणजे नकळत सोडलेली आशा ही आशा सोडणे नव्हेच. मात्र हरलेल्या बाजूचे युक्तिवाद गाळले जात नाहीत. विद्यार्थ्याला तेही तितक्याच बारकाईने शिकावे लागतात.

हा अभ्यास एकट्याने होत नाही. दोन विद्यार्थ्यांची जोडी असते. तिला ‘हव्रुता’ म्हणजे सोबत म्हणतात. एकाने वाचायचे, अर्थ लावायचा आणि दुसऱ्याने तो खोडायचा. अशा वीस-पंचवीस जोड्या एकाच सभागृहात मोठ्याने वाद घालत असतात. ग्रंथालयातील शांततेची सवय असलेल्या पाहुण्याला हा कोलाहल गैरशिस्त वाटेल. शिक्षकाला मात्र चिंता वाटते ती सभागृह शांत झाल्यावर.

श्रद्धा शिकवता येते का?

तर्काची धार लागली तरी श्रद्धा निर्माण होईलच असे नाही, याची जाणीव या शाळांना आहे. म्हणूनच ‘ज्यू विचार’ हा स्वतंत्र विषय शिकवला जातो. त्यात बाराव्या शतकातील येहुदा हालेवी यांचा ‘कुझारी’ हा ग्रंथ प्रमुख आहे. खझार देशाचा राजा तत्त्ववेत्ता, ख्रिस्ती, मुस्लिम आणि ज्यू विद्वानांना प्रश्न विचारतो, अशी त्याची मांडणी आहे. श्रद्धेचा ग्रंथच शंकेखोर राजाच्या प्रश्नांनी सुरू होतो, ही गोष्ट सोळा वर्षांच्या मुलाला जवळची वाटते. १७४० मध्ये प्रसिद्ध झालेला ‘मेसिलात येशारिम’ हा नीतिग्रंथही अनेक ठिकाणी वाचला जातो. मनुष्याचे या जगातील कर्तव्य कोणते, या प्रश्नापासूनच त्याचा आरंभ होतो.

अडचण वेगळीच आहे. परंपरेचा आदर्श ‘लिश्मा’ म्हणजे केवळ विद्येसाठी विद्या हा आहे. गुण, पदवी वा मान यांसाठी केलेला अभ्यास कमी प्रतीचा मानला जातो. परंतु इस्रायलमध्ये ‘बग्रुत’ या शालान्त परीक्षेत तालमूद हाही गुण मिळवून देणारा विषय आहे. ज्या ग्रंथापुढे मुलाने ईश्वराचे शब्द समजून नम्र व्हावे अशी अपेक्षा आहे, त्याच ग्रंथावर तो अपेक्षित प्रश्नसंचही पाठ करतो. सक्तीच्या प्रार्थनेचेही तसेच आहे. हजेरी घेतली तर प्रार्थना यांत्रिक होते आणि न घेतली तर मुले झोपून राहतात, हा वसतिगृहांतील नेहमीचा पेच. धार्मिक घरात वाढून पुढे आचरण सोडणाऱ्यांसाठी हिब्रूत ‘दातलाश’ म्हणजे ‘पूर्वीचा धार्मिक’ असा संक्षिप्त शब्दच रूढ झाला आहे. असे तरुण बहुतांशी याच शाळांतून शिकलेले असतात, हे शिक्षक जाणतात.

शाळा श्रद्धेचा धडा देऊ शकते. पण ती अंगी मुरते सोबतीच्या जगण्यातून. शब्बाथ एकत्र पाळताना शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या रात्रीपर्यंत दिवे लावणे-विझवणे, लिहिणे, फोन वापरणे बंद असते. मग उरते ते गाणे, जेवण आणि गप्पा. पुरिमच्या सणात एखादा विद्यार्थी ‘पुरिम रब्बी’ होऊन शिक्षकांची नक्कल करतो आणि त्यांच्या गंभीर व्याख्यानाचे विडंबन शिक्षकांसमोरच सादर करतो. ही मोकळीक त्याच परंपरेचा भाग आहे.

मुलींची वाट

मुलींचे संघटित धर्मशिक्षण ही विसाव्या शतकाची देणगी आहे. पोलंडमधील क्राकूव शहरात सारा शेनिरर या शिवणकाम करणाऱ्या महिलेने १९१७ मध्ये मुलींना धर्मविद्या देणारी शाळा सुरू केली आणि त्यातून ‘बेस याकोव’ हे शाळांचे जाळे उभे राहिले. तेथे बायबल व नीतिशास्त्र शिकवत, तालमूद नाही. बोस्टनमध्ये रब्बी योसेफ सोलोवेचिक यांनी १९३७ मध्ये स्थापन केलेल्या मायमोनिडीस शाळेत मात्र मुलींनाही तालमूद शिकवले जाऊ लागले. इस्रायलमध्ये मुलींच्या धार्मिक माध्यमिक शाळेला ‘उलपाना’ म्हणतात. तालमूद मुलींना किती शिकवावे, यावर शाळाशाळांत आजही मतभेद आहेत.

शाळेनंतर काय?

उद्दिष्टाचा प्रश्न खऱ्या अर्थाने ऐरणीवर येतो तो अठराव्या वर्षी. माध्यमिक येशिवेतून बाहेर पडणारा मुलगा बहुधा सैन्यात जातो. तत्पूर्वी काही जण सैन्यपूर्व धार्मिक संस्थेत एखादे वर्ष घालवतात. वेस्ट बँकमधील एली या वसाहतीत १९८८ मध्ये अशी पहिली संस्था निघाली. काही जण येशिवा आणि सैन्यसेवा यांची सांगड घालणारा ‘हेस्देर’ हा सुमारे पाच वर्षांचा मार्ग पत्करतात. अनेक मुली सैन्याऐवजी रुग्णालये, शाळा अशा ठिकाणी राष्ट्रीय सेवा करतात.

अतिसनातनी म्हणजे ‘हरेदी’ समाजाची वाट निराळी आहे. त्यांच्या मुलांच्या अनेक येशिवांत तेरा-चौदाव्या वर्षानंतर गणित-इंग्रजी जवळपास थांबते आणि दिवसभर केवळ तालमूद चालते. विद्याध्ययन हीच राष्ट्राची सेवा, अशी त्यांची धारणा आहे. १९४८ मध्ये सुमारे ४०० विद्यार्थ्यांना सैन्यसेवेतून सूट देण्यात आली होती. पुढे ही संख्या हजारोंच्या घरात गेली. ऑक्टोबर २०२३ नंतरच्या युद्धात माध्यमिक येशिवांच्या माजी विद्यार्थ्यांपैकी अनेकांनी प्राण गमावले आणि या सवलतीबाबतची नाराजी तीव्र झाली. २५ जून २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, सूट देणारा कायदा नसल्याने हरेदी तरुणांनाही भरती करावे लागेल, असा एकमुखी निर्णय दिला.

अमेरिकेत हा वाद शिक्षणाच्या हक्कापुरता आहे. खासगी शाळांचे शिक्षण सरकारी शाळांच्या तोडीचे असावे, असे न्यूयॉर्क राज्याचा १८९४ पासूनचा कायदा सांगतो. हासिदी येशिवांचे काही माजी विद्यार्थी, आपल्याला इंग्रजी वा विज्ञान पुरेसे शिकवले नाही, अशी तक्रार घेऊन पुढे आले. २०२२ मध्ये राज्याने तपासणीचे नियम केले आणि २०२५ मध्ये ते बरेच शिथिलही केले. पालकांचा धर्मस्वातंत्र्याचा हक्क मोठा की मुलाचा पुढील आयुष्याची दारे खुली राहण्याचा, हा त्यामागचा प्रश्न सुटलेला नाही.

कोकणचा दाखला

या वादाला महाराष्ट्राचाही एक दाखला आहे. कोकण किनाऱ्यावर स्थिरावलेल्या बेने इस्रायली समाजाकडे शतकानुशतके ना येशिवा होती, ना तालमूद. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून ते ‘शनिवार तेली’ म्हणून ओळखले गेले. सुंता, आहाराचे नियम आणि ‘शेमा’ ही प्रार्थना एवढ्या आधारावर त्यांनी धर्म जपला. एकोणिसाव्या शतकात त्यांनी मराठी कीर्तनांतून बायबलमधील आख्याने सांगितली आणि १८७५ मध्ये हाईम सॅम्युअल केहिमकर यांच्या पुढाकाराने मुंबईत इस्रायली शाळा निघाली. इस्रायलला स्थलांतरित झाल्यावर मात्र, तालमुदी नियमांशी परिचय नसलेल्या या समाजाचे विवाह ग्राह्य धरावेत की नाहीत, अशी शंका तेथील धर्मपीठाने घेतली. आंदोलनानंतर १९६४ मध्ये त्यांना पूर्ण ज्यू म्हणून मान्यता मिळाली. शाळेवाचूनही श्रद्धा टिकते, हे या समाजाने दाखवले. परंतु शाळेच्या विद्येवाचून धर्मपीठापुढे आपली बाजू मांडणे किती कठीण जाते, हेही त्यालाच अनुभवावे लागले.

माध्यमिक येशिवेचे यश शालान्त परीक्षेच्या निकालात मोजता येत नाही, असे तेथील जुने शिक्षक मानतात. हजेरी घेणारे कोणी नसताना, नोकरी किंवा सैन्यातील दिवस संपवून, तिचा माजी विद्यार्थी रात्री एखाद्या सोबत्याबरोबर तेच पान पुन्हा उघडतो का, ही त्यांची कसोटी. तिचा निकाल लागायला मात्र पुष्कळ वर्षे जावी लागतात.