हिंगोलीचे स्टेशन आणि ज्वारीचे पोते

हिंगोलीच्या स्टेशनावर गाडीची वाट पाहत तुम्ही अनेकदा बसला असाल. फलकावर 'हिंगोली डेक्कन' असे नाव आहे. डेक्कन म्हणजे दख्खन. हा मुलूख निजामाच्या राज्यात होता, त्या काळची ही आठवण.

१९०३ पर्यंत हिंगोलीत लष्कराची छावणी होती. छावणी उठली, पण कापसाची मोठी पेठ टिकून राहिली. १९१२ साली पूर्णेहून वसमतमार्गे सुमारे ८० किलोमीटरचा लोहमार्ग येथवर आला. पुढे जवळजवळ अर्धे शतक हिंगोली हे शेवटचे स्टेशन होते. शेवटच्या स्टेशनात गाडी आली की इंजिन सोडवून, बाजूच्या रुळावरून फिरवून, दुसऱ्या टोकाला जोडावे लागते. म्हणून अशा स्टेशनाला रूळ आणि जागा जास्त लागते. १९६० च्या सुमारास वाशीम, अकोल्याकडून खांडव्यापर्यंत मार्ग जोडला गेला आणि हिंगोली वाटेवरचे स्टेशन झाले. पुढे जयपूरकडची मीनाक्षी एक्स्प्रेसही याच वाटेने धावू लागली.

पण हा मार्ग मीटर गेजचा होता. दोन रुळांत अंतर एक मीटर, म्हणजे सुमारे सव्वातीन फूट. मुंबई-नागपूर मार्गावर मात्र साडेपाच फूट. अरुंद मार्गाचा डबा रुंद रुळांवर चालणार कसा? जिथे दोन मार्ग भेटत, तिथे माल उतरवून दुसऱ्या डब्यात भरावा लागे.

मी लहान असताना आम्ही मावशीसाठी ज्वारीचे पोते घेऊन मुंबईला निघालो होतो. मनमाडला गाडी बदलताना पोत्याची शिवण उसवली आणि ज्वारी फलाटावर सांडली. दुसरी गाडी सुटायची वेळ झालेली. आई पदरात दाणे गोळा करीत होती, वडील हाका मारीत होते. निम्मी ज्वारी तिथेच राहिली. तिच्या चेहऱ्यावरची हळहळ मला अजून आठवते. घरी वर्षभर राबून पिकवलेले धान्य होते ते.

२००८ मध्ये पूर्णा-अकोला मार्ग रुंद झाला. रूळ सरकवले म्हणजे झाले, असे हे काम नव्हते. पूल, फलाट, वळणे, सारेच नव्या मापाचे करावे लागले.

या इतिहासातून घेण्याजोगी गोष्ट एकच. माल जितक्या वेळा उचलाल, तितकी हमाली आणि तितकी सांडलवंड. हळद असो वा सोयाबीन, खळ्यापासून बाजारापर्यंत आपले पोते किती वेळा उचलले जाते ते एकदा मोजा. माल नीट वाळवा, पोती पक्की शिवा, वजन घरीच करून वहीत लिहा. एक उचल कमी करता आली, तर तेवढे पैसे तुमच्याच घरात राहतील.

आणि पुढच्या वेळी स्टेशनावर जाल, तेव्हा घरातल्या आजोबांना सोबत न्या. छोटी गाडी कशी होती, हे ते मुलांना आवडीने सांगतील.