दूरचे गुरुजी, जवळचा रुग्ण

आम्ही वैद्यकशास्त्राचे जाणकार नाही; बँकेतले साधे कारकून आहोत. पण सोने तारण कर्जाच्या अर्जात कारण म्हणून 'ऑपरेशन' हा शब्द आम्ही कितीतरी वेळा लिहिला आहे. अशीच एक मजूर बाई मागे आम्हाला म्हणाली, "सायब, दवाखान्याचं भागलं, पण मालक दीड महिना रोजानं गेले नाहीत, त्याचं काय?"

या प्रश्नाचे एक उत्तर म्हणजे दुर्बिणीची शस्त्रक्रिया. पित्ताशयातील खड्यांसाठी पूर्वी पोटावर मोठा छेद घ्यावा लागे आणि जखम भरायला कित्येक आठवडे जात. दुर्बिणीच्या पद्धतीत पोटात कार्बन डाय-ऑक्साइड वायू भरून जागा करतात. अर्धा ते एक सेंटिमीटरची तीन-चार छिद्रे पाडून एकातून कॅमेरा व इतरांतून लांब दांड्याची अवजारे आत घालतात. रुग्ण बहुधा एक-दोन दिवसांत घरी जातो आणि लवकर कामाला लागतो. पित्ताशयाची अशी पहिली शस्त्रक्रिया १९८५ मध्ये जर्मनीत डॉ. एरिक म्यूहे यांनी केली. भारतात १९९० मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहमटन उदवाडिया यांनी ती केली. ज्याचे पोट रोजच्या मजुरीवर आहे, त्यालाच या पद्धतीचा लाभ अधिक, हे ते आग्रहाने मांडत असत.

मग ही सोय गावोगाव का नाही? केवळ यंत्र घेऊन भागत नाही, हात तयार व्हावा लागतो. आरशात पाहून कात्रीने मिशी कापून पाहा, म्हणजे अडचण कळेल. छिद्रातून जाणाऱ्या अवजाराची मूठ उजवीकडे नेली की टोक डावीकडे जाते. पडद्यावरच्या सपाट चित्रात खोली समजत नाही आणि बोटांना स्पर्श नीट कळत नाही. म्हणून शिकणारे डॉक्टर आधी कॅमेरा बसवलेल्या पेटीत सराव करतात. लहान वस्तू एका खुंटीवरून दुसरीवर ठेवणे, जाळीचे कापड आखलेल्या रेषेवर कापणे, आतल्या आत टाक्याची गाठ मारणे, असे हे धडे असतात.

येथेच या विद्येचा एक मोठा गुण कामी येतो. उघड्या शस्त्रक्रियेत शेजारी उभा असेल त्यालाच आतले दिसते. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत मात्र करणारा स्वतःच पडद्याकडे पाहत असतो. तेच चित्र तारेवरून पाठवले, तर शेकडो कोसांवरच्या गुरुजींनाही तेवढेच दिसते.

पण नुसती चित्रफीत पाहून ही विद्या येते का? आफ्रिकेतील बोट्स्वाना देशात याची परीक्षा झाली. तिचा अहवाल २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. तेथील शल्यचिकित्सकांच्या एका गटाला कॅनडातील टोरांटोचे शिक्षक आठ आठवडे इंटरनेटवरून शिकवत होते. दुसऱ्या गटाने तीच पेटी घेऊन स्वतःच सराव केला. पहिल्या गटातील सर्वजण उत्तीर्ण झाले; दुसऱ्या गटातील सुमारे ३८ टक्केच. पेटी तीच, धडे तेच. फरक पडला तो चूक होताक्षणी टोकणाऱ्या गुरूमुळे. गुरू दूर असला तरी चालतो, त्याचे लक्ष मात्र हातावर हवे.

याला मर्यादाही आहेत. ऐनवेळी रक्तस्राव झाला तर पडद्यावरचे गुरुजी हात देऊ शकत नाहीत. म्हणून पेटीवरचा सराव दुरून चालला, तरी पहिल्या शस्त्रक्रियांच्या वेळी अनुभवी डॉक्टर शेजारी हवाच. गरज पडल्यास पोट उघडून शस्त्रक्रिया पूर्ण करण्याचे कसबही अंगी हवे. रुग्णाची चित्रफीत दाखवायची तर त्याची संमती घ्यायला हवी.

परभणीहून मुंबई म्हणजे रेल्वेने एका रात्रीचा प्रवास. नोकरी, दवाखाना सोडून वारंवार तेथे जाणे जिल्ह्यातील डॉक्टरला परवडत नाही. सरावाची पेटी, दोन कॅमेरे आणि आठवड्याचा ठरलेला एक तास एवढी तयारी मात्र येथे होऊ शकते. २०२३ मध्ये परभणीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे. आपल्या वस्तीतील मुलामुलींनी तेथवर पोहोचावे आणि ही विद्या मागून घ्यावी. त्या मजूर बाईच्या प्रश्नाचे उत्तर आमच्या कर्जाच्या अर्जात नाही. ते उद्याच्या या विद्यार्थ्यांच्या हातात आहे.